नापास गुडघे

ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिलमध्ये कुणाचा व्हिसा अडला की माणूस आधी वकिलाकडे जात नाही, दत्तप्रसाद निकमकडे जातो. दत्तप्रसाद कराडला शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर. पण कुठल्या व्हिसाला काय लागतं, मुदत कशी वाढवून मागायची, नकार आला तर पुढे कुणाच्या पाया पडायचं, हे सगळं त्याच्या जिभेवर. स्वतःचे हात पोळून घेऊन त्यानं हे ज्ञान मिळवलं होतं आणि आता एका चहावर ते वाटत सुटला होता. जगातली कुठलीही सरकारी नोटीस ही मुळात बोलणी सुरू करायची तऱ्हा असते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

त्यामुळे जुलैतल्या त्या रविवारी, मॅच संपल्यावर, क्लाइव्ह डाबरेनं त्याला कँटीनच्या मागे ओढत नेलं तेव्हा तो मुळीच घाबरला नाही.

"दत्ता, लोचा झालाय. हूनला आर्मीचं बोलावणं आलंय."

"कुठल्या आर्मीचं?"

"त्यांच्या रे. कोरियाच्या. तिकडे सगळ्या पोरांना जावं लागतं, दीड वर्ष. ह्यानं इतके दिवस ढकलत आणलं. आता परदेशात राहायची परवानगी संपली, ऑगस्टच्या शेवटी हजर व्हायचंय."

"आणि प्लेऑफ?"

"सप्टेंबरात! तेच तर बोंबलतोय ना मी, मेट."

क्लाइव्ह मूळचा वसईचा, व्यवसायानं अकाउंटंट आणि रोव्हर्स फुटबॉल क्लबचा प्रेसिडेंट. दत्तप्रसाद सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे मैदानाला चुना मारण्यापासून कँटीनची पाळी लावण्यापर्यंत सगळी हमाली. रोव्हर्स हा क्लब इतकी वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये असा मुक्काम ठोकून होता की वर चढायची गोष्ट कुणी काढली तर लोक विनोद समजून हसायचे. यंदा मात्र क्लब प्लेऑफ जिंकून चढणार होता, आणि तो एका माणसामुळे.

त्याचं नाव बे सुंग-हून. सगळे त्याला हून म्हणायचे आणि म्हणताना हसायचे, कारण ऑस्ट्रेलियात हून म्हणजे गाडी बेफाम उडवणारं कार्टं. हा बिचारा मोकळ्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभा राहणारा. वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेला, दिवसा ब्लॅकटाउनच्या एका गोदामात खोकी रचायचा. दत्तप्रसादनं त्याला पार्कमध्ये एकट्यानं भिंतीवर बॉल मारताना पाहिलं आणि तिथल्या तिथे क्लबमध्ये घेऊन आला. कमिटी नको म्हणत होती. मार्चमध्ये सही झाली आणि तेव्हापासून गोल थांबलेच नव्हते.

"तू काहीतरी कर," क्लाइव्ह म्हणाला. "एक्स्टेन्शन काढ. तुला येतं ते."

"कलम असतंच काहीतरी," दत्तप्रसाद सवयीनं म्हणाला.

म्हणाला खरा, पण घरी जाताना गाडीत त्याला चमत्कारिक वाटायला लागलं. कुणाची आई आजारी, कुणाची नोकरी गेली, अशा सतरा कारणांसाठी त्यानं लोकांना मुदती मिळवून दिल्या होत्या. सैन्यातून सुटायला मदत कर, असं मात्र त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं तरी कुणाला, तर निकमाला.

कारण दत्तप्रसादचं गाव साताऱ्याकडचं, आणि त्या गावात घर सांगायचं तर आधी पलटण सांगावी लागते. आजोबा फौजी, वडील फौजी, थोरला भाऊ चंद्रहास सुभेदार होऊन निवृत्त. पहाटे गावची पोरं डांबरी रस्त्यावर पळायची, त्यांत दत्तप्रसाद सगळ्यांत पुढे. कोल्हापूरच्या भरतीत तो पळण्यात पहिला आला, खड्डा ओलांडला, बीम मारले, छाती भरली. मग डॉक्टरनं त्याला टाचा जुळवून उभं राहायला सांगितलं. टाचा जुळायच्या आधी गुडघे एकमेकांवर आपटले. "घुटने लग रहे हैं. नेक्स्ट," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या पोराकडे वळला.

त्या वर्षी गावातले तिघं भरती झाले. त्यांना हलगी लावून, गुलाल उधळून एसटी स्टँडवर नेलं. दत्तप्रसाद स्टँडच्या कँटीनमागे उभा राहून बघत होता. वाऱ्यानं थोडा गुलाल त्याच्या पांढऱ्या शर्टावर आला. आईनं तो शर्ट काही न विचारता धुतला. त्यानंतर त्या घरात कुणी गुडघा हा शब्द काढला नाही. भरतीआधी गुडघे दूर व्हावेत म्हणून मध्ये उशी धरून झोपायची जी सवय त्याला लागली ती आजही होती. शोभाला, म्हणजे बायकोला, कारण माहीत होतं. मुलाला, सलिलला, ती पाठदुखीची उशी वाटायची.

तर असा हा माणूस आता एका धडधाकट पोराला सैन्यातून सोडवायला निघाला होता.

आधी पोराला काय हवंय ते विचारू, असं त्यानं ठरवलं, आणि तिथेच घोडं अडलं. हून दर गुरुवारी प्रॅक्टिसनंतर त्यांच्याकडे जेवायला यायचा. ताट दोन्ही हातांनी घ्यायचा आणि घरातल्या मोठ्या माणसानं पहिला घास घेईपर्यंत अन्नाला शिवायचा नाही. त्या गुरुवारी दत्तप्रसाद क्लाइव्हशी फोनवर वाद घालत बसला आणि पोरगं भाकरीकडे बघत ताटकळत राहिलं.

"अहो, आधी एक घास घ्या," शोभा ओरडली. "तुमच्यापायी ते लेकरू उपाशी बसलंय."

घास घेऊन झाल्यावर दत्तप्रसादनं मुद्द्याला हात घातला. बोलणं अर्थात इंग्रजीत.

"हून, तुला इथे राहायचंय का?"

"येस, अंकल."

"म्हणजे आर्मीत जायचं नाही?"

"येस, अंकल."

"जायचं नाही असं येस, की जायचंय असं येस?"

हूननं थोडा विचार केला. "ओके, अंकल," तो म्हणाला आणि आमटीचा भुरका मारला.

"बाबा, ही इज जस्ट बीइंग पोलाइट," सलिल फोनमधून डोकं न काढता म्हणाला. "तुम्ही जे बोलाल त्याला तो येस म्हणणार. स्टॉप आस्किंग हिम."

आता मोठ्या माणसाशी आदरानं वागणाऱ्या पोराचं दत्तप्रसादला इतके दिवस कौतुक वाटत होतं. तो आदर असा आडवा येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. कुणाला सोडवायचं, कशातून, आणि त्याला सुटायचंय का, काहीच कळेना. क्लाइव्हचे मेसेज मात्र रोज येत होते. पुढे ढकलता येतं का? दुखापत दाखवता येते का? तिकडे सैन्याची फुटबॉल टीम असते म्हणे, मग इथे खेळलेलं तिकडे धरत नाहीत का? दत्तप्रसाद वाचत सुटला. वाचून एवढंच कळलं की त्या टीममध्ये जायला तिकडचा नावाजलेला खेळाडू लागतो, आणि आपला हून क्वेकर्स हिलमध्ये कितीही मोठा असला तरी तिकडे त्याला कुणी ओळखत नाही. तो साधा शिपाई होणार.

आणि खरं सांगायचं तर दत्तप्रसादला आतून राग येत होता. कुणावर ते त्याला नीट सांगता आलं नसतं. ज्या दारातून आपल्याला हाकललं त्या दारात हा पोरगा आमंत्रण घेऊन उभा आहे, आणि आपण सगळे मिळून त्याला मागे ओढतोय. मग आठवायचं की ओढलं नाही तर क्लब परत गाळात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटायच्या.

शेवटी एका शनिवारी दुपारी त्यानं हूनला गोलच्या जाळ्या दुरुस्त करायला गराजमध्ये बोलावलं. गाठी मारता मारता त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट परक्या माणसाला, परक्या भाषेत सांगितली. पहाटेचं पळणं, कोल्हापूर, डॉक्टर, एसटी स्टँड. या सगळ्यातून पोरानं बोध घ्यावा असा त्याचा हिशेब होता. तुला जे मिळतंय त्यासाठी आमच्याकडे पोरं रडतात, हे त्याला कळावं.

हूननं जाळी खाली ठेवली. त्याचे डोळे विस्फारले होते. तो उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला.

"अंकल," तो अतिशय आदरानं म्हणाला, "तुम्ही हे कसं जमवलं?"

"काय जमवलं?"

"नापास होणं. एका मिनिटात! माझ्या मित्रानं वर्षभर खाऊन खाऊन वजन वाढवलं. तरी त्याला घेतलं. तुम्ही तर फक्त उभे राहिलात."

दत्तप्रसादच्या हातातला दोरा तसाच राहिला. आपण जन्मभर जी गोष्ट उशीत लपवून झोपलो ती या पोराला पराक्रम वाटतेय, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. रागवावं तर समोर थट्टेचा लवलेश नाही. इतक्या कौतुकानं त्याच्याकडे पगारवाढीच्या दिवशीसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

"दाखवाल?" हूननं विचारलं.

आणि का कोण जाणे, दत्तप्रसाद उठला. शॉर्ट्स घातलेलीच होती. त्यानं छाती काढली, हात बाजूला ताठ धरले आणि टाचा जुळवायला गेला. गुडघे आपटले. टाचांमध्ये चार बोटं जागा राहिली ती राहिलीच. हून उकिडवा बसून मान वाकडी करून, एखादं यंत्र बघावं तसे गुडघे बघत होता. मग तो स्वतः शेजारी उभा राहिला. त्याच्या टाचा चटकन जुळल्या आणि फुटबॉलवाल्यांच्या असतात तशा त्या बाकदार पायांच्या गुडघ्यांमधून पलीकडची सायकल दिसायला लागली.

"माझं नशीब नाही," तो खिन्नपणे म्हणाला.

शोभा चहा घेऊन आली तर दोघं सावधानमध्ये उभे. "काय हो, कवायत चाललीये?" असं म्हणून, उत्तराची वाट न बघता ती कप ठेवून गेली.

चहा पिताना हून पहिल्यांदाच येसच्या पलीकडे बोलला. मोजूनमापून, शब्द शोधत. सैन्याची भीती नाही, म्हणाला. वडील जाऊन आले, मामा जाऊन आला, सगळेच जातात. नाही गेलो तर पासपोर्टचा घोळ, घरी जाणं अवघड, आईबाप तिकडेच. जायचं तर आहेच. पण परत येईन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा असेन, पायातला खेळ गेलेला असेल. तोपर्यंत इथे माझ्या नऊ नंबरच्या शर्टात दुसरा कुणी आलेला असेल. "माझी वाट कुणी बघणार नाही, अंकल. म्हणून मला जायचं नाही. आणि जायचंय पण."

म्हणजे दोन्ही येस खरेच होते. दत्तप्रसादनं डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तो क्लबवर क्लाइव्हसमोर जाऊन बसला.

"हूनला साइन करायचंय."

"झाली ना मार्चमध्ये साइन."

"त्याच्या सुटकेनंतरच्या सीझनसाठी. आत्ताच. नऊ नंबरचा शर्ट त्याचा, तोवर कुणाला द्यायचा नाही."

क्लाइव्ह त्याच्याकडे बघतच राहिला. "तुला मी एक्स्टेन्शन आणायला सांगितलं, तू निरोप समारंभ घेऊन आलास? जो माणूस प्लेऑफ खेळणार नाही, पुढचा सीझन खेळणार नाही, त्याला साइन करायचं? दोन वर्षांनी तो कुठे, तू कुठे, हा क्लब तरी कुठे?"

"मग तेव्हा बघू."

"ते बंदूक चालवून येणार, बॉल नाही! कमिटी मला खुळ्यात काढेल."

"काढू दे. नाहीतर उद्यापासून कँटीनची पाळी तू लाव, चुना तू मार."

क्लाइव्हनं आधी येशूचं नाव घेतलं, मग एक शिवी घातली आणि मग पेन काढलं. "कशासाठी करतोयस हे, ते तरी सांग," तो सही करता करता म्हणाला. दत्तप्रसादनं शाईवर फुंकर मारली. त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

कागद हूनला दिला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि "येस, अंकल. ओके," एवढंच म्हणाला. खूश झाला की नाही, जाणार की नाही, काही म्हणजे काही कळलं नाही. पुढच्या रविवारी त्यानं तीन गोल मारले. त्यावरूनही काही कळलं नाही.

आणि मग ऑगस्टातल्या एका दुपारी दत्तप्रसाद शिफ्टवर असताना शोभाचा फोन आला. आवाज रडवेला.

"लवकर घरी या. हूनचे वडील गेले."

"अगं पण काय झालं होतं त्यांना? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पोरगा डोकं भादरून दारात उभा आहे. मी बसवलंय त्याला. तुम्ही या आधी."

दत्तप्रसाद सुपरवायझरला सांगून तसाच ट्रेननं निघाला. घरात शिरला तर टीव्ही बंद, पडदे अर्धे ओढलेले. शोभानं गोडधोड बाजूला ठेवून नुसता वरणभात लावला होता आणि ती डोळ्याला पदर लावल्यासारखी ओढणी धरून बसली होती. समोर सोफ्याच्या कडेवर हून, गुळगुळीत डोकं खाली घातलेलं, हात गुडघ्यांवर. दत्तप्रसादनं शेजारी बसून पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"धीर धर," तो म्हणाला. "आम्ही आहोत."

हूननं मान हलवली. मग दत्तप्रसादच्या कानाशी येऊन अगदी दबक्या आवाजात विचारलं, "अंकल, कोण वारलं?"

"अरे, तुझे वडील ना?"

हूनचा चेहरा पांढराफटक पडला. "माझे वडील?" त्यानं घाईघाईनं फोन काढला.

दोन मिनिटं घरात नुसता गोंधळ. हून कोरियनमध्ये फोनवर, शोभा मराठीत देवाशी, दत्तप्रसाद मधल्या मध्ये. फोनमधून एका खणखणीत पुरुषी आवाजानं काहीतरी झापलं तेव्हा हूननं सुटकेचा श्वास सोडला. इतक्यात युनिव्हर्सिटीतून सलिल आला, त्यानं एकवार सगळ्यांकडे पाहिलं.

"गाइज, इट्स ॲन आर्मी हेअरकट," तो म्हणाला. "कोरियन मुलं जायच्या आधी करतात. काय चाललंय काय इथे?"

शोभा खाली बसली. "मेल्या, सांगायचं नाही का!" ती हसता हसता रडायला लागली. "बाप जिवंत असताना कुणी असं डोकं करतं का? मी इकडे भात लावून बसले."

"तुम्ही दुःखी होतात," हून म्हणाला, "म्हणून मीही दुःखी बसलो. मला वाटलं तुमच्या घरात कुणी गेलं. मी हे सांगायला आलो होतो की मी जातो आहे. आणि परत येणार आहे. सही केली आहे."

दत्तप्रसादला अभिनंदन करावं की समजूत घालावी हेच कळेना. प्लेऑफ हातचा गेला होता, त्याचं वाईट वाटत होतं. पोरगा जाणार म्हणून वाईट वाटत होतं. आणि छाती फुगल्यासारखंही वाटत होतं, घरातलंच कुणी भरती झाल्यासारखं. तो उठला, देवघराच्या खालचा खण उघडला आणि गेल्या गणपतीतला उरलेला गुलालाचा पुडा काढला. वेंटवर्थव्हिलच्या इंडियन दुकानातून आणलेला, अर्धा तसाच होता.

"बाहेर चल," तो हूनला म्हणाला. "आत नको. कार्पेट आहे, भाड्याचं घर आहे."

मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारांखाली, त्यानं मूठभर गुलाल त्या तुळतुळीत डोक्यावर चोळला, कपाळावर फासला, गालांना लावला. त्याच्या गावी असं करतात, त्यानं सांगितलं. सैन्यात निघालेल्या पोराला असं लाल करून स्टँडवर नेतात. हलगी तेवढी नव्हती. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावला, त्यानं लाल डोकं पाहिलं आणि "नो वरीज" म्हणून परत खाली गेला.

हूननं बोटानं गाल पुसला आणि लाल बोट बघितलं.

"अंकल, हे पास झालेल्याला लावतात?"

"हो."

"आणि नापास झालेल्याला?"

"त्याला कोण लावणार," दत्तप्रसाद म्हणाला. "त्याच्याकडे कुणी येत नाही."

हूननं दत्तप्रसादच्या हातातल्या पुड्यात दोन्ही हात घातले आणि खाली वाकला. शोभाला वाटलं पोरगा पाया पडतोय, ती "अरे, राहू दे, राहू दे" म्हणत पुढे झाली. पण हून पायांपर्यंत गेलाच नाही. त्यानं पँटवरूनच दत्तप्रसादचे दोन्ही गुडघे दोन्ही हातांनी गुलालानं माखले, आधी डावा, मग उजवा, जपून, आदरानं.

दत्तप्रसादला रडू आवरेना. त्यानं आवरायचा प्रयत्नही केला नाही. शोभानं तोंड फिरवलं.

"बाबा?" सलिल दारातून म्हणाला. "व्हाय इज ही डूइंग युअर नीज?"

सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. सांगू, म्हणाला दत्तप्रसाद मनात, आज सांगू. आधी तो ताठ झाला, छाती काढली आणि टाचा जुळवायला गेला. गुडघे एकमेकांवर आपटले, थोडा गुलाल खाली सांडला, आणि तो तसाच उभा राहिला.